वाकडी शिलाई

मंगळवार, १४ ऑक्टोबर
दुकानातून, दुपारी

प्रिय टाचणी,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत, तूही बरी असशील असं धरून चालतो. पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, कोणाला काही झालेलं नाही. माझी कंबर सकाळी माझं ऐकत नाही, दहानंतर ऐकते. हवा बरी आहे. झालं, हवापाणी संपलं.

फोन करायचा सोडून बाबा पत्र काय लिहीत बसलाय, असं तुला वाटेल. तर आपला फोन आता माझा राहिलेला नाही, तो दुकानाचा झालाय. दुकानाचा म्हणजे तुझ्या आईचा. शिवाय तो नंबर दिसला की तू उचलत नाहीस, हे मला माहीत आहे. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. छपाईवाल्या बाईंचा फोन मागून घेतला असता, पण मग त्यांना सगळं सांगावं लागलं असतं, आणि त्यांना सांगणं म्हणजे गावभर फलक लावणं. आणि खरं सांगू का, मला फोनवर बोलताच येत नाही. तू हॅलो म्हटलंस की मी ‘जेवलीस का’ विचारतो आणि गप्प बसतो.

तुझी आई आत्ता कापड आणायला बाजारात गेली आहे. ती गेली की निदान दोन तास येत नाही, कारण दहा दुकानं फिरून पहिल्याच दुकानातलं कापड आणते. तेवढ्यात जमेल तेवढं लिहून काढतो.

तर दुकानाची बातमी. दुकान चालू आहे. नुसतं चालू नाही, जोरात आहे. तू गेल्या खेपेला आलीस तेव्हा काय अवस्था होती ते तू पाहिलंस. दिवसदिवस कोणी फिरकत नव्हतं, मी एकाच स्टुलाचे खिळे काढून परत मारत बसलो होतो. लोक जुना सोफा दुरुस्त करायचा सोडून नवा घेतात, त्याला कोण काय करणार. तू म्हणालीस, शटर ओढा, माझ्याकडे राहायला या. तुझी आई म्हणाली, आम्ही काय सामान आहोत का उचलून न्यायला. मग तू म्हणालीस, शेवटी माझ्याच दारात याल. आणि ती म्हणाली, उपाशी मरेन पण तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. तुम्ही दोघी सारख्याच, बोलताना तोंडाला लगाम नाही आणि बोलून झाल्यावर माघार नाही. मी त्या वेळी स्प्रिंगांना तेल देत होतो. तेल संपलं होतं तरी देत होतो.

तू गेलीस आणि आठवड्याभरात आपल्या बाईसाहेबांनी फोनवर दुकानाचं पेज काढलं, व्हिडिओ टाकायला. ‘बघूया शटर कसं पडतं ते’ असं म्हणून. फोन स्प्रिंगांच्या ढिगाऱ्यावर उभा केला आणि मला म्हणाली, करा काम. पहिल्या व्हिडिओत माझी पाठ आणि पाठीखालचा भाग एवढंच दिसतं. तो अकरा जणांनी बघितला. त्यातले नऊ आपले नातेवाईक होते आणि त्यांनी कळवलं की मी जाड झालोय.

मग छपाईवाल्या बाईंनी त्यांच्या छापखान्यात दुकानदारांसाठी वर्ग काढला. फोनवर धंदा कसा वाढवायचा, असा. सलूनवाला, चष्मेवाला, बेकरीवाली, आम्ही दोघं, सगळे कागदाच्या गठ्ठ्यांवर बसलो होतो. बाई म्हणाल्या, गर्दीशी बोलू नका, गर्दी ऐकत नसते. एकच माणूस डोळ्यांपुढे आणा आणि त्याच्याशी बोला. त्याचं वय काय, तो काय करतो, त्याला काय खुपतं, सगळं ठरवा. मग एकेकाला विचारायला लागल्या. सलूनवाला म्हणाला, ज्याला केस आहेत तो. तुझ्या आईची पाळी आली तर ती उभी राहिली आणि घडाघडा सांगायला लागली. वय एकोणतीस. दिवसभर बसून काम. पाठ दुखते पण कबूल करत नाही. साखर कमी केली म्हणते आणि चहात तीन चमचे घालते. उशी दुमडून झोपते, मग सकाळी मान धरते. कोणी चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या की नाकाचा शेंडा लाल होतो.

बाई म्हणाल्या, ‘वा! ह्याला म्हणतात गिऱ्हाइकाचा अभ्यास!’ टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. मी जमिनीकडे बघत बसलो.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी, दुकान आवरताना, एक व्हिडिओ टाकते. एक दिवस चुकलेला नाही. ताप होता तेव्हासुद्धा मफलर गुंडाळून मशीनवर बसली. कापड कसं बेतायचं ते दाखवते, आणि मध्येच म्हणते, ‘आणि हो, खुर्चीत बसताना पाठीमागे काहीतरी घ्यावं, नुसतं वाकून बसू नये, नंतर पस्तावायला होतं.’ किंवा, ‘जेवण टाळू नये बाई.’ असं कोणालातरी घरातल्या माणसाला सांगावं तसं. लोकांना ते जाम आवडलं. कोण कुठली माणसं लिहितात, ‘काकू, तुम्ही अगदी माझ्याशीच बोलताय असं वाटतं.’ ती वाचून दाखवते आणि म्हणते, ‘ह्यांच्याशी कुठे बोलतेय मी!’

त्यातून सोफ्यातून काय निघालं ते दाखवायची टूम निघाली. जुना सोफा फोडला की आत काय काय सापडतं ते तुला सांगायला नको, तुझं अर्धं बालपण त्यात गेलं. चमचे, कंगवे, किल्ल्या. एकदा दातांची कवळी निघाली, अर्धी. सोफ्याच्या मालकाने साफ कानांवर हात ठेवले. तो व्हिडिओ इतका चालला की दुसऱ्या दिवसापासून लोक आपापले सोफे ‘आत काय आहे बघा हो’ म्हणून घेऊन यायला लागले. आता कामं घेताना पुढच्या महिन्याची तारीख द्यावी लागते. शिवणाला आणखी एक बाई ठेवली आहे. तू म्हणत होतीस ते शटर पडलेलं नाही, हे तुला टोचायला लिहीत नाही. तुझ्या आईलाही टोचायचं नाहीये. आधी होतं, आता नाही.

(ती आली. कापड पहिल्याच दुकानातलं. राहिलेलं उद्या.)

बुधवार, सकाळी

ती वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी घरी माप घ्यायला गेली आहे. आता जे लिहायचं ते काल टाळत होतो, हे तुझ्या लक्षात आलं असेल. लहानपणापासून तुझ्यापुढे माझं काही लपत नाही.

पेजवर एक जण आहे. नाव लावलंय ‘खिडकी’, आणि फोटोही खिडकीचाच, बाहेर नुसतं आभाळ. व्हिडिओ टाकला की पहिलं हार्ट खिडकीचं. आपण फोन खाली ठेवायच्या आत. खाली एक शब्द, ‘छान.’ रोज. तुझी आई पहिल्या आठवड्यातच म्हणाली, ‘हीच ती.’ मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाली, दुकानात असताना ती कायम खिडकीत बसायची की नाही? आणि एवढ्या तातडीने आपलं माणूसच बघतं, परक्याला काय पडलंय. मग एकदा खिडकीने विचारलं, ‘ती हिरवी खुर्ची अजून आहे का?’ आपली खिडकीजवळच्या कोपऱ्यातली हिरवी, जिच्यात तू शाळेतून आल्यावर पाय वर घेऊन बसायचीस. झालं! तुझी आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आणि मी, एवढा शहाणा, मीसुद्धा मानलं. मला मानायचं होतं गं.

त्यानंतर ते सुरू झालं जे मला तुला सांगायचंच आहे. एके दिवशी तिने खुर्चीच्या हातावरची शिलाई वाकडी घातली. तुझी आई! जिची शिलाई पट्टी लावून बघितली तरी केसभर हलत नाही. मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, ‘राहू दे. व्हिडिओ झाला की उसवेन.’ दुसऱ्या दिवशी परत. रोज कुठे ना कुठे एक चूक. कधी टाका लांब, कधी फुलांचं कापड उलटं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तू हातभर होतीस तेव्हापासून झालेल्या प्रत्येक कामावर बोट फिरवून म्हणायचीस, ‘आई, इथे वाकडं आहे.’ गिऱ्हाइकासमोर! गिऱ्हाईक हसायचं आणि हिचा जीव जायचा. तुझं नाव काही उगाच टाचणी पडलेलं नाही. तर ही बाई रोज एक चूक मांडून ठेवत होती, तुझ्याने गप्प बसवणार नाही म्हणून. तू एकदा तरी म्हणशील, इथे वाकडं आहे.

बाकी सगळं जग म्हणालं. शेकडो लोक चुका शोधायला लागले, पैजा लावायला लागले, आणि पेज असलं पळालं की काही विचारू नकोस. छपाईवाल्या बाई आता वर्गात सांगतात, ‘चूक मुद्दाम ठेवायची, म्हणजे लोक बोलतात, ही काकूंची युक्ती!’ युक्ती कसली, डोंबल. ती सगळ्या कमेंटी खाली सारत जायची, खिडकीपर्यंत. आणि खिडकी म्हणायची, ‘छान.’

एकदा ती मला म्हणाली, ‘अहो, ही एवढी कशी मवाळ झाली? बरं नाही का तिला?’ मी म्हटलं, वय वाढलं की माणूस मवाळ होतं. ती म्हणाली, ‘मी झाले का?’ ह्यावर मी काही बोललो नाही, मला संध्याकाळी जेवायचं होतं.

आता गेल्या आठवड्यापासून खिडकीचं हार्ट येत नाही. ‘छान’ही नाही. पहिल्या दिवशी ती म्हणाली, कामात असेल. दुसऱ्या दिवशी म्हणाली, नेट नसेल. तिसऱ्या दिवशी जेवली नाही. काय करायचं ते ठरवायला तिला फार वेळ लागला नाही. शनिवारचं गाडीचं तिकीट काढलंय, एकटीचं. बॅग भरून दाराशी ठेवली आहे. ‘तिला बरं नाहीये, मला कळतंय,’ असं म्हणते. मी म्हटलं, तू तर तिच्या दारात पाऊल ठेवणार नव्हतीस. तर माझ्याकडे असं बघितलं, जसा मी कोणी खुळा आहे.

आता सोमवारचं ऐक. ती बँकेत गेली होती. दुकानात एक वयस्क गृहस्थ आले, हमाल बरोबर, आणि एक आरामखुर्ची. मागे टेकायची, पाय पसरायची, चांगल्या लाकडाची. मी विचारलं, काय करायचंय? ते म्हणाले, कापड बदलायचंय, पण मला घाई नाही, आता कसलीच घाई नाही. मग इकडेतिकडे बघत म्हणाले, ‘ताई नाहीत का? आम्ही रोज बघायचो त्यांना. मी खिडकी.’

माझ्या हातातली हातोडी मी खाली ठेवली. नाहीतर पायावर पडली असती.

त्यांची बायको दोन वर्षं त्या खुर्चीत होती, खिडकीशी. बोटं चालायची नाहीत, बोलायची तेही थोडं. संध्याकाळी सहा वाजले की म्हणायची, लावा. व्हिडिओ संपला की म्हणायची, छान. ते टाइप करायचे. हिरवी खुर्ची तिला एका व्हिडिओत मागे दिसली होती, आवडली होती, पुढे दिसेना म्हणून विचारलं, एवढंच. ‘ती म्हणायची, ह्या बाई बोलतात ना, घरात कोणीतरी आल्यासारखं वाटतं,’ असं सांगत होते. गेल्या आठवड्यात ती गेली. चहा मागवला. त्यांनी घेतला नाही, मीही घेतला नाही, दोन्ही कप तसेच निवले.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, पण ज्या माणसाचं सगळं गेलंय त्याच्यापुढे लपवून काय करणार. ते म्हणाले, ‘मी हार्ट देत जाऊ का? एकट्याला बघवत नाही, पण न बघताही देता येतं.’ बघ कसा भला माणूस. टाचणी, तोंडापर्यंत आलं होतं ‘हो’. द्या म्हणावं, तिचं जाणं तरी थांबेल, जीव तरी भांड्यात पडेल. पण मग आयुष्यभर ती त्या ‘छान’वर जगली असती आणि मी जेवणाच्या ताटावर रोज तिच्या तोंडाकडे बघत बसलो असतो. मी नको म्हटलं. ते म्हणाले, बरोबर आहे तुमचं. जाताना खुर्चीच्या पाठीवर हात फिरवून गेले.

तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. काल ती त्याच खुर्चीचे जुने खिळे काढत होती. ‘कोणाची हो ही? कोणीतरी खूप बसलेलं दिसतं, कापड एका बाजूने अगदी विरलंय,’ म्हणाली. मी म्हटलं, आहे एका गृहस्थांची. तिला सांगणार आहे. पण आत्ता सांगितलं तर ती बॅग उघडून साड्या कपाटात परत लावेल आणि परत कधी तुझं नाव काढणार नाही. तिची मान मोडेल पण वाकणार नाही, ती आत्ता वाकली आहे ती फक्त तुला बरं नाही ह्या समजुतीवर. हे खोटं मी तीन दिवस पोटात ठेवून आहे आणि मला ते पचत नाहीये.

म्हणून तुला लिहितोय. आता काय हवंय ते स्पष्ट सांगतो, आडवळणं पुरे झाली.

ती शनिवारी येते आहे. दार उघड. बरं आहे हे तोंडावर सांग, म्हणजे तिला हायसं वाटेल, आणि मग ती तुला रागवायला मोकळी होईल. रागावू दे.

ती विचारेल, बघायचीस का गं माझे व्हिडिओ? तुला मी खोटं बोलायला सांगणार नाही. तू आधीच बघत असशील, गुपचूप, तर मी मूर्ख ठरलो आणि मला त्याचा आनंदच आहे. बघत नसशील तर तिच्या येण्याआधी बघून टाक, म्हणजे तुझं ‘हो’ खोटं राहणार नाही. सगळे नको, तेवढा वेळ कोणाला आहे. हिरव्या खुर्चीचा बघ. आमच्या इथे तिला नवं कापड घातलं आहे, गडद हिरवंच, तुझ्या आईला दुसरा रंग पटेना. डाव्या हातावरची शिलाई बघ. बाकीच्या सगळ्या चुका तिने व्हिडिओ झाल्यावर उसवून नीट केल्या, गिऱ्हाइकाचं काम आहे. ही एक खुर्ची घरची म्हणून तशीच ठेवली आहे.

आणि त्या व्हिडिओखाली लिही. ‘छान’ लिहू नकोस, तिला खिडकी आठवेल. तुला जे दिसेल तेच लिही. तू लिहिलंस की नावाची गरज पडणार नाही, तिला एका वाक्यात कळेल.

फक्त एक काळजी घे. शनिवारी सकाळच्या आधी लिहू नकोस. आधी लिहिलंस तर ती म्हणेल, आहे की धडधाकट, मग मी कशाला जाऊ, आणि तिकीट रद्द करेल. गाडी नऊला सुटते. फोन तिच्याकडेच असणार, तो ती आता अंघोळीलाही घेऊन जाते. नऊ वाजून दहा मिनिटांनी लिही. तोवर गाडी शहराबाहेर पडलेली असेल आणि तिला उतरता येणार नाही.

मी इकडे दुकानात त्या आरामखुर्चीचं काम पुढे नेतो. तुझी आई परत आली की तिला खिडकीबद्दल मीच सांगणार, तू सांगू नकोस. तेवढं माझ्याकडे राहू दे.

कंबर ऐकत नाही म्हणून मी आलो नाही, असं ती तुला सांगेल. तसं काही नाही. दोघींच्या मध्ये मी असलो की परत स्प्रिंगांना तेल देत बसेन, म्हणून आलो नाही.

डावा हात, कोपरापासून चार बोटांवर. वाकडं आहे. सांग तिला.

तुझा,
शनिवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन जवळ नसलेला
बाबा